प्रत्येकी साडेपाच पानं

सोमवार, १२ फेब्रुवारी
…आणि म्हणूनच मी सरांना म्हटलं, प्रॉब्लेम मेजरमेंटचा आहे. खरं तर प्रॉब्लेम माणसांचा आहे, पण गुणवंत सर स्टाफच्या बाबतीत फार इमोशनल आहेत. म्हणून मेजरमेंट म्हटलं.

ऑफिस पाच जणांचं. नोएडा, सेक्टर ६३, तिसरा मजला, लिफ्ट बंद. कुकर, गीझर, मिक्सरच्या डब्यात जे माहितीचं पत्रक असतं ते आम्ही हिंदीतून मराठीत करतो. अरुणाताई रोज अकरा पानं ट्रान्सलेट करतात. दिनकरकाका शून्य. लता कॉम्प्युटरवर पानं लावते. सर मालक आहेत. मी को-ऑर्डिनेट करतो.

अरुणाताईंच्या मुलीचं पुण्याला पहिलं बाळंतपण आहे. डेट १८ मार्च. जावई जहाजावर, मुलीला सासू नाही, म्हणजे तिथे दुसरं कोणीच नाही. ताईंना ९ मार्चपासून तीन आठवडे रजा हवी. सर म्हणाले, रजा देतो, पण तुमची अकरा पानं आधी कुणीतरी उचलायला हवीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, श्रीरंग, तू बघ जरा.

तू बघ. म्हणजे ऑफिशियली मी. एप्रिलमध्ये टीम लीड नक्की.

मंगळवार, १३ फेब्रुवारी
काकांचं निरीक्षण केलं. ९.४० पेन्सिलीला टोक. ९.५५ ताईंनी काल केलेलं पान हातात. १०.२० तेच पान. १०.३० कराडला बहिणीला फोन. वासंती, तुमच्याकडे झाकण म्हणतात का टोपण? मग दहा मिनिटं बहीण बोलते, हे पेन्सिलीने काहीतरी लिहितात. दिवसात असे चार फोन. टोटल ४५ मिनिटं घरगुती गप्पा, ऑफिस टाइममध्ये.

म्हणजे ताईंनी एकदा केलेलं पान हे परत वाचतात. याला ‘दुसरं वाचन’ असं नावसुद्धा आहे. एकवीस वर्षं चाललंय. कुणी विचारलं नाही.

लता म्हणाली, तू दिवसभर काय करतोस ते पण लिहून ठेव. फार निगेटिव्ह मुलगी आहे.

गुरुवार, १५ फेब्रुवारी
कुणावर किती लोड, त्याची शीट तयार. अरुणाताई लाल म्हणजे ओव्हरलोड, लता हिरवी म्हणजे ठीक, काका पांढरे म्हणजे शून्य. बघताच कळतं कोण बसून खातंय.

घरी बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण बघितली आणि विचारलं, ह्यात तू कुठे आहेस? म्हटलं, मी बनवलीये. बाबा म्हणाले, अच्छा. आणि टीव्ही लावला. तीस वर्षं दिल्लीत मिनिस्ट्रीत काढली, सरोजिनी नगरच्या क्वार्टरच्या बाहेरचा विचार केला नाही. स्ट्रॅटेजी त्यांना कशी कळणार.

सोमवार, १९ फेब्रुवारी
लाँच. सगळ्यांना समोर बसवून समजावलं. अकरा भागिले दोन, ताई साडेपाच, काका साडेपाच. मग ताई गेल्या की काका आणि एक फ्रीलान्सर. दुसरं वाचन बंद. दहा ते सहा पर्सनल फोन बंद.

काका म्हणाले, मग बरोबर आहे का चूक ते कोण बघणार? म्हटलं, काका, प्रोसेसवर ट्रस्ट ठेवा. काका म्हणाले, ठेवतो की, पण हा प्रोसेस गावाकडे कुठला? लता इतकी हसली की मला दोन मिनिटं थांबावं लागलं.

ताईंनी एवढंच विचारलं, रजा मिळेल ना रे? म्हटलं, हंड्रेड पर्सेंट.

बुधवार, २१ फेब्रुवारी
काकांनी साडेपाच पानं केली. हाताने. जुन्या पत्रकांच्या पाठीमागे. त्यांना टाइप करता येत नाही हे एकवीस वर्षांत कुणी मला सांगितलं नाही (मी आठ महिन्यांपूर्वी आलो, पण तरी).

लताने टाइप केली तर लता लाल होते. म्हणून टायपिंग ताईंकडे वळवलं. आता ताईंचं स्वतःचं साडेपाच अधिक काकांचं टायपिंग साडेपाच, टोटल अकरा. आधीही अकराच होतं. योगायोग.

ताई साडेसातपर्यंत बसल्या. ट्रान्झिशन फेजमध्ये असं होतं.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी
सरांनी विचारलं, अरुणाचं काम कमी झालं का? म्हटलं, शीटवर निम्मं झालंय. सरांनी शीट बाजूला सारली. मग म्हणाले, अरे, तू पण घे ना थोडं, मराठीच आहेस ना?

‘आहेस ना’ म्हणजे काय? शाळा कॉन्व्हेंट असली तरी घरी आम्ही बिल्कुल शुद्ध मराठी बोलतो. लगेच नव्या कुकरचं पत्रक घेतलं. चार पानं. चाळीस मिनिटं. ताईंना याला अर्धा दिवस लागतो. आता कळलं ना लोड कसा तयार होतो? करण्यासारखं काही नसतंच. हिंदीत कुकर, मराठीत कुकर. हिंदीत गरम, मराठीत गरम. हिंदीत खाली, मराठीत खाली. ‘है’चं ‘आहे’ करायचं, झालं.

ताई म्हणाल्या, छापायला जाण्याआधी काकांना एकदा दाखव. म्हटलं, ताई, नियम माझ्यासाठी वेगळा नसतो. सरळ पाठवलं.

काका सध्या दिवसभर लिहितात आणि मध्येच फोनकडे बघतात. ॲडिक्शन आहे हे. हळूहळू सुटेल.

सोमवार, ४ मार्च
सगळं स्मूथ. कुकर गेल्या आठवड्यातच कोल्हापूर-सांगलीच्या दुकानांत पोचले, डब्यात माझं पत्रक. बारा हजार घरांत माझं मराठी.

फ्रीलान्सर अजून मिळाला नाही. एकाने ट्रायलला हिंदी ‘सीटी’च्या जागी ‘शिट्टी वाजवणारा इसम’ लिहिलं. असली माणसं येतात.

ताईंचं शुक्रवारचं तिकीट आहे. डिंकाचे लाडू ऑफिसात आणून दाखवले. मुलीसाठी दोन डबे वेगळे भरलेत. मी एक खाल्ला. ठीक होता.

बुधवार, ६ मार्च
दुपारी कुकरच्या कंपनीचा फोन. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मागून काका, ताई, लता, सगळेच आले. कुणी बोलावलं नव्हतं.

माझी ओळ अशी: कुकर खाली असेल तर गॅसवर ठेवू नका.

हिंदीत होतं: कुकर खाली हो तो गैस पर न रखें. शब्दाला शब्द बरोबर आहे. मी तसं सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला. काका एकदम हळू, लहान मुलाला सांगतात तसं म्हणाले, श्रीरंग, मराठीत खाली म्हणजे जमिनीवर. तुला रिकामा म्हणायचं होतं, बाळा.

कोल्हापूरच्या डीलरकडे म्हणे बायका विचारतायत, कुकर तर खालीच असतो, मग आधी माळ्यावर चढवायचा का? एका गृहस्थाने तीनदा फोन करून विचारलं, किती उंचीवरून गॅसवर आणायचा. लता पाण्याची बाटली भरायला म्हणून बाहेर गेली ती वीस मिनिटांनी आली. डोळे लाल.

घरी आईला विचारलं, आपण खालीच म्हणतो ना? आई म्हणाली, तू म्हणतोस. तू डबा खाली आहे म्हणालास की मी आधी ओट्याखाली बघते.

हे मला कुणी वेळेवर सांगायला नको होतं?

गुरुवार, ७ मार्च
कंपनीने सांगितलं, १९ फेब्रुवारीनंतरचं एकूण एक पान परत तपासून द्या, नाहीतर पुढचं काम दुसरीकडे. दीडशेवर पानं. ताई आणि काकांशिवाय करणार कोण? सरांनी ताईंना आणखी एक आठवडा थांबायची विनंती केली. म्हणाले, डेट अठराची आहे ना, सोळाला तुम्ही तिथे असाल, माझा शब्द.

ताईंनी तिकीट कॅन्सल केलं. लगेच पानं पुढ्यात ओढली. समजूतदार आहेत.

सर म्हणाले, तुझं ते इक्वल-बिक्वल बंद कर. मी शीटमध्ये लिहिलं: फेज वन कम्प्लीट. कराडचे फोन परत सुरू.

सोमवार, ११ मार्च
११.१५. ताईंना पुण्याहून फोन आला. मुलगी झाली. आठवडाभर आधीच. पहाटे त्रास सुरू झाला, शेजारणीने रिक्षाने दवाखान्यात नेलं.

व्हिडिओ कॉलवर बाळ दाखवलं. ताईंच्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात गीझरचं पान. काकांनी ते पान हळूच काढून घेतलं. ताई स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या. फोन बंद झाल्यावर म्हणाल्या, शेजारीण होती म्हणे तिच्याजवळ. बाई चांगली आहे. बस, एवढंच.

मी काँग्रॅच्युलेशन्स म्हटलं. लता म्हणाली, तू ना, जरा तिकडे जाऊन उभा राहा.

शुक्रवारच्या गाडीने गेल्या असत्या तर शनिवारी पोचल्या असत्या, हे मलाही कळतं. पण डेट डॉक्टरने दिली होती. एस्टिमेट त्याचं चुकलं. माझ्या शीटमध्ये डेट बरोबर लिहिलेली आहे.

सरांनी संध्याकाळच्या फ्लाइटचं तिकीट काढलं. सर, काका, लता, सगळे एअरपोर्टला सोडायला गेले. गाडीत जागा होती. पण ऑफिस कुणीतरी बंद करायला हवं होतं.

मंगळवार, १२ मार्च
सकाळी चहा पिताना त्या तिघांनी ताईंचं काम वाटून घेतलं. बिस्किटच्या पुड्याच्या मागच्या बाजूवर, दहा मिनिटांत. काका तोंडाने मराठी सांगणार, लता ते सरळ टाइप करणार, दुसरं वाचन सर स्वतः करणार, अडलं तर कराड. टोटल अनप्रोफेशनल.

विचारलं, मी काय करायचं? लता म्हणाली, तुझी ओळच ठेवली नाही. सर म्हणाले, बेटा, तीन आठवडे तू कशाला हात लावू नकोस. सर मला बेटा पहिल्यांदाच म्हणाले.

सहा वाजेपर्यंत त्यांची अकरा पानं झाली. मी बघत होतो.

शनिवार, ३० मार्च
ताई परवा जॉइन होतात. नातीचं नाव अहिल्या ठेवलं, असं काकांना कळवलं. म्हणजे काकांकडून लताला आणि लता फोनवर कुणाला तरी सांगत होती तेव्हा मला.

तीन आठवडे मी गुपचूप शीट भरत होतो, आज टोटल मारली. काका, लता, सर, तिघांचाही लोड जवळजवळ सारखा. कुणी लाल नाही. कुणी साडेसातपर्यंत बसलं नाही. एकही पान परत आलं नाही. पूर्ण शीट हिरवी. फेअर राहावं म्हणून शेवटी माझीही ओळ टाकली. शून्य.

निघताना सर म्हणाले, हीच व्यवस्था पुढेही ठेवायचा विचार आहे, सोमवारी जरा केबिनमध्ये येऊन भेट. दार लावून बोलू म्हणाले. टीम लीडचंच असणार.

कारण आकडे समोर आहेत. मला बाजूला काढल्याबरोबर ऑफिसचा लोड एकदम इक्वल झाला. म्हणजे सिस्टिम शेवटी माझीच यशस्वी झाली, असंच म्हणायचं ना?