माळावरच्या खोपटांतलं गाणं

भोर, फाल्गुन शुद्ध पंचमी

प्रिय सरोज,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण आम्ही सारोळ्याकडं होतो. इकडं यंदा प्लेगनं गावंच्या गावं उठली. माणसं माळावर खोपटी घालून राहिली. संस्थानानं जत्रा बंद केल्या आणि आमच्या तमाशाच्या फडाची चूल थंडावली. ढोलकीवाले रखमाजी तर मजुरीलाच निघाले होते.

तेवढ्यात कचेरीतून बोलावणं आलं. वाटलं, आता हद्दीबाहेर काढतात. पण कारभारी म्हणाले, "जत्रा उघडेपर्यंत फडाला सरकारातून धान्य मिळेल. मात्र माळावर जाऊन गायचं. लोक कंटाळून परत प्लेगच्या घरात शिरतात, त्यांचं मन तिथं रमवा." कचेरीत मला कुणी 'बसा' म्हणालं, ते पहिल्यांदाच.

सारोळ्याच्या माळावर मात्र बायांनी तोंडं फिरवली. मरणात तमाशा कसला, म्हणाल्या. मलाही ते पटत होतं. घुंगरं बांधायला हात होईना. अंबूबाई म्हणून एक होती, तिचा तरणा मुलगा गेलेला. ती डोक्यावर गाठोडं घेऊन गावातल्या घराकडं निघालीच होती. कुणाचं ऐकेना. रखमाजींनी हळूच ढोलकीवर थाप दिली, मी बसल्या जागी गवळण धरली. अंबूबाई थांबली. मग गाठोडं खाली ठेवून म्हणाली, "माजा पोरगा जत्रंत तुमच्याच फडाम्होरं बसायचा. म्हना आनखी."

गळा बसेतो गायले. ती गेली नाही. सकाळी तिनं मला खोपटात बोलावलं, भाकरी वाढली आणि म्हणाली, "हितं बस, माज्याजवळ." इतकी वर्षं गावोगाव नाचले गं, पण कुणाच्या चुलीपाशी बसले नव्हते.

आता साथ ओसरली. माणसं घरी परतली, कचेरीतलं धान्यही थांबलं. चैत्रात शिवऱ्याच्या जत्रेची सुपारी आली आहे.

तू लिहिलंस, लग्नाला ये, पण मावशी म्हणून ये, फडाचं नाव काढू नकोस. तुझ्या होणाऱ्या सासरच्यांची तुला वाटणारी भीती मला कळते, मी रागावले नाही. दिवाळीत विचारलं असतंस तर आलेही असते. मागं उभी राहून अक्षता टाकून निघून गेले असते. आता तसं जमायचं नाही. आई म्हणून बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर इथूनच आशीर्वाद देईन, मनात काही ठेवणार नाही. पण मावशी म्हणून येणार नाही. काय ते कळव.

तुझीच,
आई