तुळईवरची देवी

जळगाव, आश्विन वद्य पंचमी, १९३१

तीर्थस्वरूप रुपचंद नाना यांस,

मामेभाऊ चुडामणचा दंडवत पोचावा. आत्याचे गुडघे कसे आहेत? गिरणेला पाणी टिकलं का? तुमचा धाकटा भाऊ लोटन माझ्याजवळ खुशाल आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो.

आम्ही दोघे कापसाच्या प्रेसात लागलो (आधी मी चोपड्यास केळीच्या गाड्यांवर होतो, तिथून का सुटलो ते भेटीत सांगेन). यंत्रानं कापसाची गठाण, म्हणजे गासडी, दाबली की लोटन खाली वाकून तिला पट्ट्या आवळतो. डोक्यावर त्या दाबाचा सगळा ताण झेलणारी ओतीव बिडाची तुळई, आणि तिला वीतभर भेग. मिस्त्री म्हणाला होता, भेगेच्या टोकाशी भोक पाडू, म्हणजे ती वाढायची थांबेल. तेवढ्यात खंडेनवमी आली. तुळईला तेलशेंदूर फासला. दुसऱ्या दिवशी पुसला, तर न दिसणाऱ्या बारक्या भेगांत तो राहून गेलेला! मोठीच्या दोन्ही अंगांना लाल रेघा, आणि टोकापुढे, अगदी तिच्या वाटेत, एक आखूड. मुकादम उखर्डूआबा ओरडले, "देवी परगट व्हयनी!" मोठी भेग म्हणजे भांग, बाजूच्या वेण्या, पुढचं कुंकू. आता देवीला भोक कोण पाडू देतो? (मिस्त्री चिडून धुळ्यास निघून गेला.)

मला चैन पडेना. पतंगाचा कागद मधोमध चीर देऊन ताणला (पतंग लोटनचा, अजून रुसलाय). बाजूंना चिरा दिल्या तर त्या ताण वाटून घेतात, मोठी दमानं घेते. पण टोकापुढे एक बारीक चीर दिली, की मोठी तिच्याकडे धावते आणि कागदाचे दोन तुकडे. आबांना दाखवलं, तर म्हणे, "तुले कारखानामा पतंग उडाडाले ठेयेल शे का?" लोटन म्हणाला, "बाजूले इतल्या राखनदार शेतस ना, मंग?" म्हटलं, त्यांच्यामुळेच अजून बोलतोयस, पुढची राखणदार नाही. ऐकतो कुठला? आबांनी त्याला पुजारी नेमलाय. रोज शिडी लावून त्या पुढच्या भेगेला तोच कुंकू लावतो.

वडीलधाऱ्यांस नमस्कार, पोरांस पापा.

आपला चुडामण

ता. क. 'खुशाल' एवढंच आत्याला वाचून दाखवा. भांग आणि कुंकू यांच्यामध्ये परवा बोट मावत होतं, आज नख. तार करून लोटनला बोलावून घ्या.

आणखी ता. क. तारेत 'आई गेली' असंच घाला. नुसतं 'आजारी' घातलंत, तर तो नवस बोलायला त्याच तुळईखाली जाऊन उभा राहील.