निलमचं वाचन, माझ्या पद्धतीनं

९ जून २००३
आजपासून चिडायचं नाही. लिहून ठेवलं म्हणजे पक्कं.
नांदेडचा डॉक्टर चिडण्यासारखाच होता, तो भाग वेगळा. निलम सात वर्षांची झाली. चार-दोन शब्द बोलते, नजरेला नजर देत नाही, एक वस्तू धरली की तीच धरून बसते. डॉक्टर म्हणाला, ऑटिझम. मी म्हटलं, औषध लिहा. म्हणाला, औषध नसतं. चित्रांची पुस्तकं दाखवा, कॉमिक्सही चालतील, लेकरू चित्रावरून शब्दाकडे येईल. पुढंही बरंच बोलला, चेहरे मोठे, शब्द थोडे, असं काहीतरी. मी कॉमिक्सपाशीच थांबलो. कॉमिक्समधलं मला कोण शिकवणार? सातवीपर्यंत मी दुसरं काही वाचलंच नाही.
दिवाळीला पोरगी पेपर वाचेल.

११ जून
स्टेशनवरच्या स्टॉलवर गेलो. स्टॉलवाला विचारतो, लेकरू केवढं? चिडलो नाही. तुला काय करायचं, पुस्तकं काढ, एवढंच म्हटलं. फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. आता एसटी डेपोत कंट्रोलर आहे मी. माईक बंद पडला तरी मी पुकारलेली गाडी अख्ख्या हिंगोलीला कळते. आवाज ही माझी नोकरी आहे.
निवड: मुखवटेवाला हिरो, भुतांची हवेली, अंतराळातली लढाई. तिन्ही हिंदी, तिन्ही दमदार. ससे-माकडं बाजूला सारली.
रुख्मिणी म्हणाली, "पोरगी एक भाषा बोलून नाही राहिली, तिला दुसरी काहून?"
बायकोला दूरदृष्टी नाही.

१२ जून
पहिला पाठ. हिरोला एक आवाज, भुताला दुसरा. निलमनं दोन्ही हात कानांवर घट्ट धरले. पहिल्याच दिवशी एवढी एकाग्रता!
रुख्मिणी मधे बोललीच. "तिला तकलीफ होऊन राहिली. हळू वाचा."
भूत हळू ओरडतं का?

१९ जून
निलमनं तिन्ही कॉमिक्स फरशीच्या रेघेला बराबर लावून ठेवली. उघडत नाही. मी एक उचललं, ती किंचाळली. मग मी. शेजारची मिराबाई धावत आली, काय झालं म्हणून. तिलाही सुनावलं. तो राग नव्हता, माहिती होती.
निष्कर्ष: छपाई खराब.

२ जुलै
सासुरवाडीच्या तांड्यावरून येताना जवळा बाजारला उतरलो. बाजाराचा दिवस. रद्दीवाल्याच्या ढिगातून रुख्मिणीनं एक मराठी कॉमिक उचललं. म्हातारी, तिची शेळी आणि एक राक्षस. पानाला दोन चौकटी, चौकटीत एखादा शब्द. मी म्हटलं, हे काय पुस्तक आहे? ती म्हणाली, "चेहरे मोठे हायत." घेतलंच.
हिंगोली येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. खिडकीवरून एका प्रवाशाशी बोललो, त्याला शेवटी दुसऱ्या सीटवर जावं लागलं.

५ जुलै, संध्याकाळ
ड्यूटीवरून आलो तर निलम आईला टेकून बसलेली, मांडीवर शेळीचं पुस्तक. रुख्मिणी कुजबुजत वाचते. चौकटीवर बोट ठेवते. "ही रडून राहिली. ही हसून राहिली." निलम तिचं बोट उचलते आणि पुढच्या चौकटीवर नेऊन ठेवते.
कुजबुजून कोणी शिकलंय कधी? मी चप्पल काढेपर्यंत निलम पुस्तकासकट पलंगाखाली.
तरी पद्धत माझीच. पुस्तक तेवढं बदललं.

२२ जुलै
रुख्मिणी सांगते, निलम 'शेळी' वाचते. 'ये' वाचते. माझ्यासमोर वाचत नाही. दाराआड उभा राहिलो, तर माझ्या श्वासानंच गप्प झाली. बापाचा श्वास चालत नाही!
निलमचं नाव घालायला शाळेत गेलो. पहिलीच्या ज्योती मॅडम म्हणाल्या, आमच्याकडं अशी मुलगी आधी आली नाही, वर्गात जमेल का, भेटून ठरवू. अंगाचा भडका उडाला. म्हटलं, रविवारी घरी या आणि माझी पद्धत बघा. व्हरांड्यातली पोरं वर्गात पळाली.

२७ जुलै, रविवार
मॅडम आल्या. मी पद्धत समजावली. पोहे आले. मी मुखवटेवाला हिरो उघडून म्हटलं, निलम, वाच. हात कानांवर. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. ती पलंगाखाली. रुख्मिणी उठली. शेळीचं पुस्तक पलंगाजवळ ठेवलं आणि खाली बसली. मॅडमही फरशीवर बसल्या. मी हिरो मिटून ठेवला. थोड्या वेळानं निलम आली. तिनं स्वतःच पान काढलं. राक्षस, तोंड फाडलेलं, सगळे दात बाहेर. तोंडाजवळच्या अक्षरांवर बोट ठेवलं.
"चूप."
वाचलं! स्वच्छ, ऊकार दीर्घ! मी टाळ्या वाजवायला हात उचलले. तेवढ्यात तिनं बोट सरकवलं, राक्षसाच्या चेहऱ्यावर ठेवलं आणि कुणाकडंही न बघता म्हणाली, "पप्पा."
मॅडम पोह्यांकडं बघायला लागल्या. रुख्मिणी भिंतीकडं.
रागानं नाही म्हणाली. शेळीला शेळी म्हणावं तसं.
मॅडम म्हणाल्या, उद्यापासून पाठवा, सुरुवातीला आई शेजारी बसू द्या. मी विचारलं, बाप बसला तर? म्हणाल्या, "बघू."

२८ जुलै
डेपोत गाडी हळू पुकारली. वसमतची माणसं नांदेडच्या गाडीत चढली. सगळ्यांनी मला शिव्या दिल्या. एकालाही उलट बोललो नाही.
घरी आलो. दोघी पुस्तक घेऊन बसल्या होत्या. मी दारापाशीच टेकलो. निलम हलली नाही. म्हातारी शेळीला शोधत नदीपर्यंत आली, तिथं रुख्मिणीचा आवाज इतका बारीक झाला की पुढचं मला ऐकू आलं नाही.
विचारलं नाही.