चित्राला लावलेली तीट

॥ श्री ॥
ट्यूबिंगेन, बुधवार, ता. ११ ऑक्टोबर १९६१

चि. सौ. सरलेस अक्काचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. तुझं पत्र पोचलं. ट्रंकेबद्दल लिहिलंयस त्याचं पुढे लिहीन, आधी कालचं ऐक.

सगळ्यात आधी आली ती टोपीवाली बाई. टोपीला एवढं मोठं पीस. तिच्या मागून दोन पुरुष, एक ताडासारखा उंच, दुसरा बुटका. बुटक्याच्या हातात फुलं, ती त्याने माझ्याच हातात दिली. मी म्हटलं, अगं शुभा, ह्याला सांग, मी कोण? शुभा म्हणते, "आई, घे गं, इथली रीत आहे." वरची घंटा बिघडलीय म्हणून आमच्या दारी आले. बुटांसकट सगळं घर तुडवलं आणि मग जिना चढले.

हे लोक आले होते माळ्यावरच्या चित्रकारबाबांकडे. त्यांचं खरं नाव गास्तों व्हेर्दले, पण माझी जीभ वळत नाही, मी आपली बाबा म्हणते. वय बहात्तर. त्यांच्याबद्दल मागच्या पत्रात लिहिलं होतं का? नसेल. तेव्हा मालूच्या बारशाचंच पुराण लावलं होतं. मालू आता साडेचार महिन्यांची झाली, हसते, लाळ गाळते, आणि श्रीरंगरावांचा चष्मा ओढते. ते बिचारे संस्थेतून दमून आले तरी ओढू देतात. अशी नात सगळ्यांना मिळो.

तर बाबा. फ्रान्सात लियों म्हणून गाव आहे, तिथले. बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा, हेही लहानपणी पाट्यांवर सोनेरी अक्षरं काढायचे. मग पॅरिसला जाऊन शिकले आणि मोठ्या लोकांचे चेहरे काढायला लागले. कारखानदार, वकील, त्यांच्या बायका. लोक चार चार महिने थांबायचे म्हणे. का, तर बाबा चेहऱ्यावरचं वाईट ते सगळं गाळायचे. चामखीळ नाही, देवीचे वण नाहीत, सुरकुती नाही. "डॉक्टरांनी काढल्या नसतील एवढ्या चामखिळी मी काढल्या," असं म्हणून हसतात आणि मग खोकत बसतात. हे सगळं मला शुभा सांगते. फर्ग्युसनमध्ये फ्रेंच घेतलं तेव्हा आपण तिला नावं ठेवली होती, आठवतं?

पुढे एकदम त्यांनी ते काम सोडलं आणि धोबिणी, मासे विकणाऱ्या, बटाटे सोलणाऱ्या बाया काढायला लागले. का सोडलं विचारलं तर रंग संपला म्हणायचे. धोबिणीचं चित्र दिवाणखान्यात कोण लावतो? नाव गेलं. मग लढाई. लढाईनंतर त्यांचं सैन्य इथे येऊन बसलं, तेव्हा साहेबांची चित्रं काढायला पोटासाठी इथे आले. साहेब बदलून गेले, हे राहिले. माळ्याच्या खिडकीतून उजेड चांगला येतो म्हणून. असं कुणी उजेडासाठी परमुलखात राहतं का गं?

जूनमध्ये ते काडेपेटी मागायला खाली आले, तेव्हा मी जमिनीवर पाय पसरून मालूला तेल चोळत होते. दारातच उभे राहिले. काडेपेटी विसरले. दुसऱ्या दिवशी शुभामार्फत विचारलं, असंच बसाल का? मी आधी नाही म्हटलं. मग रोज एक तास बसले. चित्रात माझे पाय आहेत, भेगांसकट, एकही भेग सोडली नाही मेल्याने! आणि पायांवर मालू, उघडीनागडी, गोरीपान, तेलाने चकाकणारी. सरले, जिवंत पोर गं. बघितलं आणि मी मालूला आधी पदराखाली घेतलं.

श्टुटगार्टला मोठं प्रदर्शन आहे. तेवीस वर्षांत बाबांचं एकही चित्र कुठे लागलेलं नाही. हे पसंत पडलं तर बाकीचीही बारा घेणार. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, पुढच्या वर्षी रंग दिसतील की नाही कोण जाणे. म्हणजे आता नाही तर नाहीच. म्हणून काल ही मंडळी बघायला आली.

वर आम्ही सगळे उभे. बाबांनी नवा सदरा घातलेला. चित्रावरचं फडकं ओढलं. टोपीवाली "आः" म्हणाली. मग उंच माणूस पुढे वाकला, चष्मा सरकवला, आणि मालूच्या गालाकडे बोट केलं. काळा ठिपका. चांगला मसुराएवढा.

बाबा बघतच राहिले. उंच माणसाने खिशातून रुमाल काढला, टोकाला थुंकी लावली आणि हात पुढे केला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, पुसू नका!"

मराठीतच ओरडले, पण सगळ्यांना कळलं. शुभाने माझ्याकडे असं बघितलं, काय सांगू.

हो. मीच. रविवारी बाबांना भात द्यायला गेले होते. ते पाव आणायला गेलेले, दार उघडं. डबी कमरेला असतेच. मालूला काजळ-तीट लावायची नाही, इथल्या दवाखान्यात नर्स रागावते, असं शुभाने आल्या दिवसापासून बजावलंय. मी मोडलं नाही हो तिचं. मालूला नाही लावली. पण चित्र तर शंभर जण बघणार, दोनशे बघणार, टकामका, अनोळखी माणसं! रंग ओला होता. बोट टेकवलं आणि खाली आले. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

"आई, हे मी त्यांना कसं सांगू?" शुभा म्हणाली. चेहरा लाल.

"जसं आहे तसं सांग. म्हातारी अडाणी आहे म्हण."

तिने सांगितलं. किती वेळ सांगत होती! बाबा खुर्चीवर बसले. मग हळूहळू बोलले, शुभा एकेक वाक्य मला सांगत गेली. त्यांना एक मुलगी आहे. सोळाव्या वर्षी तिचं चित्र काढलं. कानाखाली तीळ होता तिच्या, तो सवयीने गाळला. तिने बघितलं आणि म्हणाली, "ही कोण? तुम्हाला हवी होती ती मुलगी का?" आणि खोलीतून गेली. पुढे लग्न करून लांब गेली, बोलणं नाही, पत्र नाही. त्यानंतर त्यांनी शेठसावकारांचे चेहरे काढले नाहीत. "आणि आता," बाबा म्हणाले, "कुठल्या कानाखाली, तेच मला आठवत नाही."

उंच माणूस म्हणाला, सगळं खरं, पण चित्र स्वच्छ हवं, ठिपका पुसा, नाहीतर प्रदर्शनाच्या बाकीच्या मंडळींना मी काय सांगू? बाबा म्हणाले, ठिपका राहील. तुपाचं काजळ आहे, टिकायचं नाही, म्हणून ते रंगाने पक्का करणार, आणि जागा मी दाखवायची. मी हात जोडले. म्हटलं, बाबा, माझ्यापायी नका हो बाराच्या बारा घालवू. तर माझ्याच हातची फुलं घेऊन त्यांनी ब्रशांच्या बरणीत खोचली.

आता ट्रंकेचं. माझ्या बाळूचा फोटो पुरात गेला म्हणून तू चार पानं रडलीस, अक्का मला क्षमा कर म्हणालीस. फोटोसाठी एवढी क्षमा कोण मागतं? मला कळलं. त्या दिवशी फोटोवाला म्हणाला, गालावरचं काळं पुसा, आणि तू पदराने पुसलंस. नवव्या दिवशी बाळू गेला. चौतीस वर्षं मी तुला एका शब्दाने बोलले नाही. पण मनात म्हटलं, सरले. दर भाऊबीजेला माहेरी येऊन तुझ्या हातचं जेवले आणि मनात म्हटलं. फोटोत तो गाल कोरा होता, म्हणून मी तो घरात ठेवला नाही, तुझ्या ट्रंकेत दिला. पोराला घटसर्प होता. डॉक्टर सांगून गेले होते. तू एकोणीस वर्षांची पोर. ह्यात तुझं काही नव्हतं, हे मी कधीच म्हणायला हवं होतं.

हे पत्र शुभाकडून लिहवलं नाही ते यासाठी. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच, पण दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस.

बाबा वर फेऱ्या घालतायत, फळ्या वाजतात. मलाही एका जागी बसवत नाही, चार ओळी लिहिते आणि उठते. उद्या सकाळी उजेड आला की मी वर जाणार, जागा दाखवायला. डावा गाल, हनुवटीच्या जरा वर. बाळूला लावायची तिथेच.

घरातला चिखल निघाला का ते कळव. मुलांना आशीर्वाद.

तुझ्यावर राग धरलेली आणि आता न धरलेली,
तुझी अक्का

ता.क. ती मंडळी पुन्हा येणार आहेत, शनिवारी, एकवीस तारखेला. दसरा होऊन गेलेला असेल.