माझ्याआधी लागलेली हजेरी

२ जून
उदगीर सोडून औरादला आले एकदाची! डाळमिलच्या ऑफिसात नोकरी आणि माडीवर स्वतःची खोली. घरमालकीण जगदेवी अक्कांनी आल्या आल्या भाकरी नि शेंगाची चटणी वाढली. विजयश्रीबाई, नवरा कवा आणणार, म्हणून चिडवलंही.
नवं सिम घेतलं. दुकानदार प्रेमानंद अण्णांच्या यंत्रावर अंगठाच उठेना. हात पुसा म्हणाले, परत दाबा म्हणाले. इथं रेशनपासून मिलच्या हजेरीपर्यंत सगळे न विचारता अंगठा देतात. मीही हसत हसत कितीदा तरी दाबला.

१९ जून
स्कूटीच्या कर्जासाठी क्रेडिट रिपोर्ट काढला. माझ्या नावावर कर्ज आधीच आहे! पत्ता बीदरच्याही पलीकडच्या मन्नाएखेळ्ळीचा. मी ते गाव पाहिलेलंही नाही. तडक अण्णांकडे गेले, तर दुकान रिकामं. संताप संताप झाला.

२३ जून
पोलिसांत तक्रार दिली. रिपोर्टवाल्यांना कळवलं. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. आता रोज रिपोर्ट बघते.
आज त्यात माझा पत्ता बदललाय. बीदर.

२७ जून
पत्ता औरादचा. आमचीच गल्ली.
अक्का सहज म्हणाल्या, दुपारी बाजारात हाक मारली तर वळून बघितलीस, बोलली न्हाईस, कामून? दुपारी मी मिलमध्ये होते. त्यांना सांगितलं नाही. भीती वाटते.

३० जून
मिलचं यंत्र अंगठा घेईना. माझी हजेरी म्हणे आधीच लागलीय. मालक अंकुशराव वैतागले — आत्ताच पगार घेऊन गेलात, थट्टा करायलाव काय, म्हणाले.
घरी येऊन अंगठा उजेडात धरला. रेषा नाहीत. घासलेल्या ताटासारखा साफ.

१ जुलै
दार आतून लावलंय. फोनही मला ओळखेना —
खाली अक्का हसतायत. नवरा कवा आणणार म्हणून चिडवतायत — कुणाला?
उत्तर आलं. आवाज माझा.
किल्ली हरवली तर हरवू दे म्हणतायत, दुसरी हाय माझ्याकडं —
जिन्यावर दोघींची पावलं —
ओरडले, अक्का, मी आत आहे! पावलं थांबली. अक्का विचारतायत, आत कोण हाय, नाव सांग.
नाव सांगायला तोंड उघडलं —
२ जूनच्या पानावर लिहिलंय ते नाव — तिचं —
मी — माझं नाव —