मधे अजून गार लागतंय

आये,

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सकाळी पूजा आटोपून मी मागच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि तू केलेल्या मोरी माशाच्या सुकवलेल्या कालवणाचं एक पाकीट कात्रीने कापलं. खायचं नव्हतं, श्रावण पाळतो हे तुला माहीत आहे. नुसता वास घ्यायचा होता. तू गेल्यापासून घरात तुझ्या मसाल्याचा वास नाही.

एक तुकडा उचलून मोडला. सुकट पारखताना तू शिकवलं होतंस, मोडताना आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही. तुकडा वाकला. आणि जो वास आला तो तुझा नव्हता.

त्याच खेपेची पाच पाकिटं नागपूरला माझ्या लेकीकडे, प्रणालीकडे होती. तिच्या अंगावर पंधरा दिवसांचं बाळ होतं.

तुला वाचता येत नव्हतं. पेपर मी वाचून दाखवायचो, तसंच हे पत्रही देवघरासमोर बसून वाचणार आहे. तुला माहीत नसलेलं यात फार थोडं आहे. पण माझ्या तोंडून तू ते ऐकलेलं नाहीस.

तो फ्रीज ड्रायर आणला तो दिवस आठवतो? शहरातल्या कॅम्प तीनच्या बाजारातल्या दुकानातून टेम्पो आला, चार माणसांनी तो भाताच्या कणग्यांच्या खोलीत नेऊन ठेवला. त्याच्यासाठी वेगळी वायर ओढली, पंपात तेल भरलं, पाणी बाहेर जायची नळी बादलीत सोडली. दुकानदार म्हणाला, "माताजी, पच्चीस साल तक कुछ नहीं बिगड़ेगा." तू पदराने हात पुसत म्हणालीस, "पंचवीस वर्सांनी खायला कोन असेल रं?"

सगळे हसलो. मीही.

तुझा त्या यंत्रावर विश्वास नव्हता. सुकवायला ऊन लागतं, थंडीने कसं सुकेल? मी समजावलं, आधी जेवण दगडासारखं गोठवायचं, मग पंप आतली हवा ओढून घेतो, आणि बर्फ पाणी न होताच उडून जातो. तू ऐकून घेतलंस. दुसऱ्या दिवशी भेंडी बाहेर काढली तेव्हा हात उलटा केलास आणि बोटांची मागची बाजू प्रत्येक ट्रेच्या बरोब्बर मध्यावर टेकवलीस. "हितं सुकलं. हितं सुकलं. हितं नाय." त्या एका ट्रेमध्ये खरंच बर्फ होता. तुला हे कोणी शिकवलं? यंत्राच्या पुस्तकात ते शेवटच्या पानावर होतं, आणि ते मी तोवर वाचलं नव्हतं.

मग प्रणालीला डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही. पहिलं बाळंतपण सासरीच होणार हे ठरलं तेव्हा तू दोन दिवस कोणाशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी पहाटे अंबरनाथच्या बाजारातून मोरी घेऊन आलीस. बाळंतिणीला मोरीचं कालवण दिलं की दूध उतरतं, हे आपल्यात सांगावं लागत नाही. "तिकडं नागपुरात कोन देनार तिला मोरी? तुझ्या पेटीत सुकव. जावई येतोय ना, त्याच्याकडं देऊ."

जावई निखिल एका दिवसासाठी आला होता. त्याची गाडी संध्याकाळची. मी कंपनीतून चार वाजता घरी आलो तेव्हा यंत्राच्या पडद्यावर झाल्याची खूण होती. मी दार उघडलं. तू मागून आलीस आणि हात टेकवलास.

"मधी अजून गार लागतंय, जनू. काढू नको."

"आये, पडद्यावर झालंय म्हणून लिहिलंय."

"लिहिलं असेल. दुपारी लाईट गेली होती. पंप लई वेळ गप होता. परत पानी सुटलं असनार."

तेवढ्यात निखिल खोलीत आला. "झालं का बाबा? आजी, बघितलंत तुम्ही?"

आणि मी म्हणालो, "हो, आयेनं हात लावून बघितलंय."

तू माझ्याकडे पाहिलंस. जावयासमोर मुलाला खोटं पाडायचं नाही, म्हणून गप्प राहिलीस. पाकिटं मी बंद केली, हवा शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, वर तारीख लिहिली. पाच त्याला दिली, एक ठेवलं. तू ओट्यावर बसून राहिलीस. त्या दिवशी तू त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली नाहीस. एवढं एकच केलंस.

त्यानंतरचे नऊ दिवस मी पुन्हा पुन्हा मोजतो. त्यात तू मला तीनदा विचारलंस, "पोरीला सांगितलंस का?" मला वाटलं, तू तब्येतीचं विचारतेस. खरंच तसं वाटलं का, आये? की मी तसं वाटून घेतलं?

दहाव्या दिवशी तू अंगणात पडलीस. दवाखान्यात तुझी वाचा गेली होती. मी हात पुढे केला तर तू तुझा हात उलटा करून माझ्या तळव्याच्या मधोमध टेकवलास. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "आशीर्वाद देतायत." मी मान हलवली. तुझी बोटं गार होती.

श्रावण लागल्यावर प्रणालीला मुलगी झाली. तिची आई, वंदना, तिकडे गेली, मी इथे एकटा. सोमवारी ते पाकीट कापल्यावर संध्याकाळी मी फोन केला.

"प्रणाली, ते आजीचं कालवण राहू दे. तुला उष्ण पडेल."

ती हसली. "आजीनं केलेलं उष्ण? बाबा, तुम्ही कधीपासून वैद्य झालात? मी पाचही पाकिटं देवघराच्या खाली ठेवलीत. श्रावण संपला की पहिला घास आजीच्या हातचा."

मी फोन ठेवला. कालवण खराब आहे म्हणायचं, तर ते तू केलेलं शेवटचं. खरं सांगायचं, तर तुझं नाव घेऊन मी खोटं बोललो, हे सांगावं लागणार. मंगळवारी दिवा लावून बसलो. बुधवारीही बसलो. माळ संपली की पुन्हा सुरू करायचो. देवाला म्हणायचो, तूच काहीतरी कर. फोन समोरच पडलेला होता. आता कळतं, मी देवाकडे मदत मागत नव्हतो, त्याच्यामागे लपत होतो.

गुरुवारी पिठोरी अमावास्या. आया आपल्या लेकरांसाठी करतात ती पूजा. तू दरवर्षी वाण खांद्यावरून मागे धरून विचारायचीस, "अतीत कोन?", म्हणजे घ्यायला आलेला अतिथी कोण, आणि मागे उभा मी म्हणायचो, "मी." या वर्षी विचारायला कोणी नव्हतं. मी उठलो आणि फोन लावला. बंद. वंदनाचाही बंद. रात्रभर पंप सुरू असल्यासारखा आवाज कानात येत होता, आणि यंत्राची वायर तर मी सोमवारीच काढून ठेवली होती.

सकाळी सातला फोन लागला.

"बाबा, लवकर बोला, आईनं पाकीट भिजत घातलंय. गॅसवर ठेवतेय आता."

"ठेवू नको. ओत... नाही, ओतूही नको. आईला म्हणावं, हात लावू नको."

"काय झालं?"

मी सांगितलं. लाईट गेलेली, तुझा हात, निखिल आत आला ते, मी काय म्हणालो ते. एका दमात, वर्गात चुकलेला धडा म्हणून दाखवतात तसं. पलीकडे बाळ कुरकुरत होतं.

"आजीनं सांगितलं होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि सोमवारी उष्ण म्हणालात."

"हो."

तिने बाळाला उचलून घेतलं असावं, कुरकुर थांबली. मग म्हणाली, "आजीचं एवढंच उरलं होतं, बाबा."

त्याच संध्याकाळी मी कल्याणहून गाडी पकडली. वंदनाने भिजवलेलं पाकीट पिशवीत घट्ट बांधून गोठवून ठेवलं होतं. प्रणालीने चार पाकिटं माझ्यासमोर ठेवली आणि बाळ माझ्या मांडीवर दिलं. त्या छोटीच्या कपाळाची ठेवण तुझ्यासारखी आहे. निघताना प्रणाली दारापर्यंत आली नाही. आतूनच म्हणाली, "पुढच्या वेळी आधी सांगा." ती कोणाची नात आहे ते मला तेव्हा कळलं.

खराब मासळी उकिरड्यावर टाकायची नाही, मुकं जनावर खाईल, हे तूच सांगायचीस. आज सकाळी कुळगावच्या बाजारातून खडा मीठ आणलं. मागे शेवग्यापाशी कमरेइतका खड्डा खणला. सहाही पाकिटं फोडून त्यात रिकामी केली, वर मीठ, वर माती. तुझं शेवटचं अन्न मी मातीत घातलं, आये. हात जोडले, पण तुझ्याकडे माफी मागितली नाही. ती प्रणालीने द्यायची आहे, आणि तिने अजून दिलेली नाही.

यंत्र विकणार नाही. पण यापुढे त्याचं दार उघडलं की हात उलटा करून प्रत्येक ट्रेच्या मध्यावर टेकवीन. गार लागलं तर दारात कोणीही उभं असो, दार पुन्हा लावीन आणि का लावलं ते तोंडाने सांगेन. ती छोटी बोलायला लागली की तिलाही सांगेन, तुझं आणि माझं, दोन्ही.

माती दाबून झाल्यावर मी हात उलटा करून तिच्या मधोमध टेकवला. वर ऊन होतं. तरी मधे अजून गार लागत होतं. मी आणखी माती ओढली.

तुझा,
जनू