गाळ काढण्याआधी

लातूर,
गुरुवार, १० मार्च १९८३

प्रिय जलील,

सलाम. सात वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला ठेवू नकोस, एवढी विनंती. रईसाची तब्येत कशी आहे? नांदेडला देगलूर नाक्यावरचं तुझं घड्याळांचं दुकान मोठ्या जागेत गेलं, असं कळलं. बरं वाटलं.

लातूर जिल्हा झाला त्याला सात महिने होत आले. उस्मानाबादहून दफ्तरांचे ट्रक अजून येतच आहेत. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. गावाकडे त्याहून हाल. टँकरसाठी बायका पहाटेपासून घागरी रांगेत लावतात.

नव्या जिल्ह्याची स्मरणिका निघते आहे. आपल्या तालुक्यातल्या अठ्ठेचाळीस सालावर मी लिहावं, असा निरोप आला. स्पेनमधल्या यादवी युद्धावर पुस्तक लिहिणाऱ्याला आपल्या गावाचं काय अवघड, असं त्यांचं म्हणणं. दोन महिने झाले, एक पान झालं नाही.

माझं काम नेमकं काय, हे तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. सहासष्ट ते सत्तर मी माद्रिदला होतो. तिथल्या एका खेड्यात छत्तीस साली शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं, त्याचा मी शोध घेत होतो. लोक दारं लावून घेत. कोण कुठल्या प्रश्नाला गप्प होतं, हे मी वहीत टिपत गेलो. त्यावर पदवी मिळाली, पुस्तक झालं, दिल्लीत नोकरी लागली. चौऱ्याहत्तरला बाबा गेले, अव्वा एकटी पडली, म्हणून इथल्या कॉलेजात आलो.

एकोणऐंशीला पुन्हा त्या गावी गेलो. तिथला हुकूमशहा मरून चार वर्षं झाली होती. विधवा बायका स्वतः कुदळी घेऊन माणसं पुरलेला गावाबाहेरचा चर उकरत होत्या. लुइसा नावाच्या म्हातारीला नवऱ्याच्या पट्ट्याचं बक्कल सापडलं. ते एप्रनला पुसत तिनं मला विचारलं, "तुमच्या गावात असे कुणी आहेत का?"

मी म्हणालो, "नाही."

जलील, आहेत. जहांगीरचाचा आहेत, तुझे अब्बा.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात चाची तुम्हा भावंडांना, तुला आणि रईसाला घेऊन नांदेडला आजोळी गेल्या होत्या. चाचा कापडाच्या दुकानापायी मागं राहिले. निजामावर भारताची पलटण चालून आल्यावर गावोगाव मुसलमानांची मारझोड सुरू झाली, तेव्हा बाबांनी त्यांना आमच्या कडब्याच्या खोलीत लपवलं. तीन दिवस अव्वानं भाकरी दिली. चौथ्या सकाळी बाहेरगावचे बरेच जण आणि गावातले चौघे दारात आले. मी बारा वर्षांचा, वर माळवदावरून बघत होतो. घर पेटवू म्हणाले. बाबांची नजर खोलीच्या दाराकडे गेली.

आतून चाचांचा आवाज आला. "बसलिंगप्पा, घरात लेकरं हायत. मीच येतो बाहेर."

बाबा बाजूला सरले.

आमच्या मळ्यातल्या विहिरीत टाकलं त्यांना. संध्याकाळी बाबांनी वर बाभळीच्या फांद्या ओढल्या. चाचा कराचीला निघून गेले, ही गोष्टही बाबांनीच पसरवली. आधी भीतीनं, पुढं चाचींना खरं सांगायची हिंमतच झाली नाही. बहात्तरच्या दुष्काळात गावानं ती विहीर उपसायला मागितली, तर बाबा काठी घेऊन आडवे बसले. लोक त्यांना पाण्याचा वैरी म्हणाले. ते त्यांनी ऐकून घेतलं.

हे सगळं बाबांवर टाकून मला सुटता येत नाही. मी स्पेनला निघालो तेव्हा चाचींनी माझ्याजवळ चाचांसाठी चिठ्ठी दिली. इथून पाकिस्तानला टपालाचा भरवसा नव्हता, तू तिकडून टाक, म्हणाल्या. तूच लिहून दिली होतीस ती: तिकडे दुसरं घर केलं असेल तरी चालेल, जिवंत आहात एवढं कळवा. दोन महिन्यांनी मी तुम्हाला लिहिलं की टाकली, उत्तर नाही.

मी ती टाकली नाही. ज्यांना लिहिली होती ते कुठे आहेत, हे मला माहीत होतं.

त्यानंतर चाचींनी आणखी दहा वर्षं वाट पाहिली. बाप पळून गेला म्हणून रईसाची दोन स्थळं मोडली. तू वडिलांचं नाव घेणं सोडलंस. आणि चाचींच्या मातीला मी आलो नाही. तू समजलास, मन्मथ मोठा माणूस झाला. तसं नव्हतं रे. कबरीत मूठभर माती टाकायला माझा हात उचलला नसता.

गेल्या आठवड्यात चुलतभाऊ व्यंकट आला. टंचाईच्या कामात आमच्या विहिरीचा गाळ काढायचाय, सही द्या, म्हणाला. सही दिली, आणि खाली काय आहे तेही सांगितलं. त्यानं उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "दादा, गाळासंगं जे निघंल ते माळावर टाकतील. कुणाला कळायचं न्हाई."

मी त्याला म्हणालो, कळलं पाहिजे.

काल ठाण्यात लेखी जबाब दिला. बाबांचं नाव घातलं, माझं घातलं, गावातल्या चौघांचं घातलं. त्यांतला एकजण स्मरणिकेच्या समितीवर आहे. अव्वाला घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून ती माझ्या हातचं पाणी घेत नाही.

काम सोमवारी, एकवीस तारखेला सुरू होईल. मी आदल्या दिवसापासून तिथं असेन. तू आलास तर पुढं सगळं तुझ्या सांगण्यानं होईल. आला नाहीस तर दोन ओळी लिही: चाचींच्या कबरीशेजारी जागा आहे का? मी चाचांना नांदेडला घेऊन येईन.

माफी मागत नाही. ती द्यायची की नाही, हे ओझं तुझ्यावर कशाला?

बसलिंगप्पाचा मुलगा,
मन्मथ